झेंडीवाला उभा आहे: होय

१

विक्रोळीला हायवे ओलांडून खाडीकडे गेलं की एक एकेरी लाइन लागते. तिच्यावरून माणसांची गाडी जात नाही. एका कंपनीची ती खासगी लाइन आहे. दिवसातून एकदा डिझेलचं इंजिन मालाच्या आठ-दहा वाघिणी ओढत येतं आणि पुढच्या गोदामात शिरतं. ते कधी अकराला येतं, कधी एकला. त्याची वेळ ठरलेली नाही.

या लाइनवर अल्फान्सो मुकादम होता. चौथीपर्यंत शिकलेला, साठीला चार महिने कमी. त्याच्या हाताखाली तीन माणसं होती: त्याच्याबरोबरच कामाला लागलेला जोडीदार, ज्याला सगळे भाऊ म्हणत, कंत्राटावरची विमला आणि कंत्राटावरचाच आकाश. चौथी होती प्रेमा. ती रुळावर काम करत नसे. तिचं काम उभं राहायचं.

लाइनच्या कडेला नंबर घातलेले खांब आहेत. या महिन्यात गँगचं काम दहाव्या खांबाशी होतं. तिथे लाइन वळते आणि दोन्ही बाजूंनी खाडीतली तिवरांची झाडं आत झुकलेली आहेत. वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. पूर्वी ड्रायव्हर वळणाआधी भोंगा द्यायचा. शेजारी टॉवर झाले, तिथल्या लोकांनी तक्रार केली, आणि वळणावरचा भोंगा बंद झाला. हायवेची घरघर इतकी की इंजिनाचा आवाज त्यात विरून जातो. म्हणून प्रेमा सोळाव्या खांबाशी लाल झेंडी आणि शिट्टी घेऊन उभी राही. तिथून पलीकडची सरळ लाइन लांबवर दिसते. गाडी दिसली की ती शिट्टी मारी. गँगला प्रेमा दिसत नसे, शिट्टी तेवढी ऐकू येई.

मग सगळे पहारी-फावडी उचलून बाजूला होत आणि गाडीकडे तोंड करून उजवा हात वर करत. मुकादम हात मोजी. एक, दोन, तीन. सगळ्यांत शेवटी तो स्वतःचा हात वर करी. तो शेवटचा हात दिसला की ड्रायव्हर भोंग्याचा एक आखूड आवाज देई, म्हणजे कळलं. तो हात दिसला नाही तर ड्रायव्हरने ब्रेक दाबायचा, असा नियम.

आणखी एक नियम होता. काम सुरू करण्याआधी एक कागद भरायचा. त्यात एक ओळ: झेंडीवाला उभा आहे, होय किंवा नाही. 'नाही' लिहिलं तर रुळाला हात लावायचा नाही. अल्फान्सो रोज सकाळी प्रेमाला सोळाव्या खांबापर्यंत सोडायला जाई, खांबाला हात लावी, परत येई आणि मग 'होय' लिही. त्याचे वडीलही मुकादम होते. ते म्हणायचे, आधी माणूस उभा करायचा, मग अक्षर काढायचं.

प्रेमा निवृत्त झाली त्या शनिवारी गँगने तिला पेढे दिले. सोमवारी तिच्या जागी कोणीच आलं नाही.

२

"आजचा दिवस जरा ॲडजस्ट करा ना, मुकादम," देवव्रत साहेब फोनवर म्हणाला. तो तरुण इंजिनिअर होता. वाईट नव्हता. फक्त त्याच्या आवाजात कायम दुसरा फोन वाजत असल्यासारखी घाई असे. "माणूस मागितलाय मी. येईलच."

"साहेब, कागदावर काय लिहू?"

"तुम्ही 'नाही' लिहिलंत तर काम बंद. काम बंद तर कंत्राटवाल्या दोघांना घरी पाठवायला सांगतील मला. तुम्हीच बघा."

विमला तेव्हा डबा झाडाच्या फांदीला अडकवत होती. आकाशला दोन लहान मुली होत्या. अल्फान्सोने त्या दोघांकडे पाहिलं. आज आपणच कान देऊ, असं ठरवून त्याने 'होय' लिहिलं आणि कागदाचा फोटो ऑफिसला पाठवला.

पावणेबाराच्या सुमाराला भाऊ आणि आकाश स्लीपरखाली गिट्टी ठोकत होते. विमला पहार लावून उभी होती. आणि शिट्टी झाली.

सवयच अशी होती की कोणी वर पाहिलं नाही. हत्यारं उचलली, बाजूला झाले, हात वर केले. एक, दोन, तीन. मग अल्फान्सोचा. आखूड भोंगा. इंजिन गेलं, वाघिणी गेल्या.

हात खाली आल्यावर विमलाने विचारलं, "मुकादम, प्रेमाताई आली काय परत?"

भाऊ हसला. "तिला घरी सून बसू देत नसेल."

कोणीतरी माणूस पाठवला असेल, असं अल्फान्सोला वाटलं. तो सोळाव्या खांबापर्यंत चालत गेला. तिथे कोणी नव्हतं. प्रेमा ऊन लागू नये म्हणून बसायची तो दगड होता, त्यावर तिवराचं एक पान पडलं होतं.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनात राहिली. शिट्टी झाल्यापासून गाडी येईपर्यंतचा वेळ तो मारियेच्या प्रार्थनेने मोजत असे. ही त्याच्या वडिलांची पद्धत. मनातल्या मनात, सावकाश. प्रेमाच्या शिट्टीनंतर पाच प्रार्थना होत. आज तीनच झाल्या होत्या.

३

मंगळवारी अडीच झाल्या. बुधवारी दोन.

अल्फान्सो घाबरणाऱ्यांतला नव्हता. आधी त्याला वाटलं पक्षी असेल. पक्षी रोज गाडीच्याच वेळी कसा बोलेल? मग वाटलं गोदामाचा वॉचमन. त्याने जाऊन विचारलं. वॉचमनकडे शिट्टी नव्हती, काठी होती आणि कानात मोबाइलची गाणी होती. मग वाटलं टॉवरमधलं कुणी गॅलरीतून गंमत करत असेल. टॉवरच्या त्या बाजूला गॅलऱ्या नव्हत्या.

"इथे कधी कोण मेलंय का रे?" आकाशने विचारलं. विचारताना तो हसला, पण फावडं थांबवून.

"कोणी नाही," भाऊ म्हणाला. "एकतीस वर्षं झाली मला. या लाइनवर साधं कुत्रं मेलेलं नाही. उगाच गोष्टी करू नको. आहे ना शिट्टी? वाजते ना? मग झालं तर. साहेबापेक्षा बरी."

विमलाही म्हणाली, "देवाने दिलीय म्हणा ना."

अल्फान्सोने गिट्टीचं फावडं उचललं. वाजते म्हणून बरी, हे त्यालाही पटत होतं. आणि तीच गोष्ट त्याला खुपत होती. सकाळी पेन हातात घेतलं की 'होय' आता पहिल्या दिवसाइतकं जड जात नव्हतं. बुधवारी तर त्याने ते चहा पिता पिता लिहिलं.

त्या संध्याकाळी घरी बायकोने, एथेलने, त्याचं नारिंगी जाकीट धुवायला घेतलं. डाव्या खांद्यामागे ते फाटलं होतं. मागच्या वर्षी तिनेच शिवून दिलं होतं, नारिंगी दोरा घरात नव्हता म्हणून निळ्या दोऱ्याने. मोठे मोठे टाके. गँगमध्ये त्यावरून त्याची थट्टा होई.

"टाके उसवलेत परत," ती म्हणाली. "एवढं काय घासतोस खांद्याला?"

"काही नाही."

"तुझं काहीतरी बिनसलंय. जेवताना ओठ हलत होते तुझे. जेवणावरची प्रार्थना तर झाली होती."

तो मोजत होता. दोन प्रार्थनांत चार माणसं बाजूला होतात का, ते.

४

गाडी गोदामात लागली की ड्रायव्हर डेन्झिल कधी कधी गँगबरोबर डबा खायला येई. तो अल्फान्सोच्याच गावठाणातला, भांडुपचा. गुरुवारी तो आला. त्या दिवशी दीडच प्रार्थना झाली होती आणि आकाशचं घमेलं रुळाजवळच राहिलं होतं.

डेन्झिलने भाकरी मोडली, सुक्या बोंबलाचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "अंकल, तुमचा नवा झेंडीवाला काय रुसलाय काय माझ्यावर?"

आकाशने भाऊकडे पाहिलं.

"प्रेमा आंटी कशी हात करायची मला. हा बघत पण नाही. पाठ करून उभा असतो."

"कोणाकडे पाठ?" अल्फान्सोने विचारलं.

"माझ्याकडे. गाडीकडे. तुमच्या बाजूला तोंड. झेंडी काखेत गुंडाळलेली. झेंडीवाला असा उभा राहतो काय? त्याला सांगा जरा. आणि एका जागी उभा राहा म्हणावं. सोमवारी सोळाशी होता, काल चौदाशी. आज तर तेराव्या खांबाला पाठ टेकून होता. एकदम माझ्या बाजूलाच शिट्टी मारली त्याने, मी दचकलो ना यार."

"तोंड पाहिलंस?"

"तोंड तुमच्याकडे असतं म्हटलं ना. तुम्हाला दिसत असेल."

भाऊने डबा बंद केला. त्यात अजून भात होता.

डेन्झिल गेल्यावर अल्फान्सोने बोटांवर हिशेब केला. सोळा, पंधरा, चौदा, तेरा. तीन, अडीच, दोन, दीड. एका खांबाला अर्धी प्रार्थना. म्हणजे शिट्टी लवकर-उशिरा होत नव्हती. शिट्टी चालत होती. आणि रोज एकच खांब चालत होती, कारण रोज एकदाच त्याने 'होय' लिहिलं होतं. हे शेवटचं त्याला नको असताना सुचलं. त्याने ते मनातून काढून टाकलं. कागदावर लिहिल्याने माणूस उभा राहतो काय? तसं असतं तर साहेबलोकांनी आजवर किती माणसं उभी केली असती.

५

हिशेबाने आज बाराव्याची पाळी होती, म्हणून शुक्रवारी सकाळी, कागद भरायच्या आधीच, तो एकटाच बाराव्या खांबाशी गेला. तिथल्या खडीत दोन पावलांचे खळगे होते. बराच वेळ एका जागी उभं राहिल्यावर होतात तसे, टाचा आत दबलेल्या. टाचा गाडीच्या बाजूला होत्या, बोटं गँगच्या बाजूला. अल्फान्सोने आपला बूट शेजारी ठेवून पाहिला. मग पायानेच खडी सारखी केली आणि परत आला.

तरी त्याने 'होय' लिहिलं. का लिहिलं हे पुढे कधी एथेलने विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. विमला समोर उभी होती, आज तिच्या मुलाची फी भरायची होती म्हणून लवकर जायला मागत होती. हात आपोआप चालला.

त्या दिवशी एक प्रार्थना झाली. शब्दही गडबडीत म्हटले गेले.

शनिवारी शिट्टी इतकी जवळून आली की भाऊने कानावर हात नेला. अकराव्या खांबाशी. अर्धी प्रार्थना. भाऊ आणि आकाश उडी मारून बाजूला झाले. विमलाची पहार स्लीपरखाली अडकली होती. ती सोडेना.

"सोड!" अल्फान्सो ओरडला. "विमला, सोड ती!"

त्याने तिला दंडाला धरून ओढलं. दोघं गिट्टीवर पडली. इंजिनाने पहारीला उडवलं, ती तिवरांत जाऊन पडली. हात मोजायला वेळच मिळाला नाही. कोणाचाही हात वर नव्हता.

तरी आखूड भोंगा झाला. रोजच्यासारखा, आरामात.

विमला उठून बसली. तिचा कोपर सोलला होता. "दिसला नाही मला कोण," ती म्हणाली. "पण मुकादम, शिट्टीनंतर कोणीतरी श्वास घेतला. इथे, बाजूला. दमलेल्या माणसासारखा."

६

अल्फान्सोने तिथूनच फोन लावला.

"साहेब, सोमवारी मला झेंडीवाला पाहिजे. नाहीतर काम होणार नाही."

"पण मुकादम," देवव्रत गोंधळला, "तुमच्याकडे आहे की. सहा दिवस तुम्ही 'होय' लिहिलंय. मी तेच कागद वर दाखवले. वर म्हणाले, मग माणूस कशाला मागता? ती जागाच कमी केली त्यांनी."

"साहेब, तो माणूस नव्हता."

"मग सहा दिवस शिट्टी कोणी मारली? ड्रायव्हरनेही ऐकलीय."

अल्फान्सोने तिवरांत पडलेल्या पहारीकडे पाहिलं. फोनमध्ये दुसरा फोन वाजत होता.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तो कन्नमवार नगरला प्रेमाच्या घरी गेला. ती वाल सोलत बसली होती. त्याला पाहून तिने वालाचं ताट बाजूला सारलं. त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याला वाटलं, ही हसेल. ती हसली नाही.

"माझी शिट्टी इथे आहे," तिने खुंटीकडे बोट दाखवलं. "आणि गाडीकडे पाठ मी बावीस वर्षांत एकदा केली नाही. पाठ केली तर मग उभं कशाला राहायचं?"

"तेच मला कळत नाही."

"रोज तू मला खांबापर्यंत सोडायला यायचास," प्रेमा म्हणाली. "मग जाऊन लिहायचास. आता कोणाला सोडून येत होतास?"

तो उठला. तिने त्याला चहाही विचारला नाही, आणि तो निघाला तेव्हा जिना उतरेपर्यंत दारात उभी राहिली.

७

सोमवारी सकाळी कागद गुडघ्यावर ठेवून अल्फान्सो बराच वेळ बसला. एथेलने टाके नवे घातले होते, पुन्हा निळेच. खिशात नियमांचं छोटं पुस्तक होतं. त्याने ते काढलं आणि अक्षरांखाली बोट फिरवत गँगला वाचून दाखवलं. त्याला वाचायला वेळ लागे. तिघं थांबली.

"झेंडीवाला उभा नसेल तर कामगाराने कामास नकार द्यावा. त्या नकाराबद्दल त्यास शिक्षा करता येणार नाही."

"असं लिहिलंय?" आकाश म्हणाला. "मग आजपर्यंत कधी सांगितलं नाही ते?"

"चुकलं माझं."

"लिहिलेलं असतं बाबा," विमला म्हणाली. "पण घरी पाठवायचं तर पाठवतातच ना."

"पाठवतील कदाचित. मी तुझ्याबरोबर ऑफिसात येईन. पुस्तक घेऊन येईन. पण तू धडधाकट घरी जाशील, विमला. हेच मला पाहिजे."

तिने कोपरावरच्या पट्टीकडे पाहिलं आणि मान हलवली. भाऊ नुसता म्हणाला, "लिही रे अल्फू."

त्याने 'नाही' लिहिलं. अक्षर थोडं मोठं आलं. फोटो पाठवला. लगेच फोन वाजला.

"मुकादम, हे काय?"

"साहेब, सहा दिवस मी खोटं लिहिलं. त्याची शिक्षा मला करा. आजचं खरं आहे."

पलीकडे वाजणारा दुसरा फोन बंद झाला. "बसा तिकडेच," देवव्रत अखेर म्हणाला. "गाडी आधीच निघालीय, तिला मी थांबवू शकत नाही. रुळाजवळ जाऊ नका. मी येतो."

चौघं लाइनपासून पंधरा पावलांवर, उंबराच्या सावलीत बसली. हत्यारं शेजारी रचून ठेवली होती. दहावा खांब समोर होता. रूळ मोकळे होते. खाडीचा वारा पडला होता आणि एक माशी विमलाच्या डब्यावर परत परत बसत होती.

सगळे शिट्टीची वाट पाहत होते, हे प्रत्येकाला दुसऱ्याच्या बसण्यावरून कळत होतं.

शिट्टी झाली नाही.

तिवरांची पानं हलली आणि वळणातून इंजिनाचं पिवळं तोंड एकदम बाहेर आलं. वीस पावलांवर. आज रुळांत असतो तर, एवढाच विचार अल्फान्सोच्या डोक्यात आला, आणि सवयीने तो उठून उभा राहिला. बाकीचेही उठले. गाडीकडे तोंड करून त्यांनी हात वर केले. तो मोजू लागला.

एक. दोन. तीन.

तेव्हा त्याला तो दिसला. दहाव्या खांबाशी, दोन रुळांच्या मध्ये, जिथे शनिवारी विमलाची पहार अडकली होती. आज त्याची पाठ गाडीकडे नव्हती. झेंडीवाल्याने उभं राहावं तसा तो गाडीकडे तोंड करून उभा होता, आणि पाठ गँगकडे होती. नारिंगी जाकीट. डाव्या खांद्यामागे मोठे मोठे निळे टाके, त्यांतला एक उसवलेला.

अल्फान्सोचा हात वर जायच्या ऐवजी आपल्या खांद्याकडे गेला. टाके तिथे होते. बोटांना लागले, नवे, घट्ट.

"अल्फू," भाऊ समोरून नजर न हलवता हळू आवाजात म्हणाला, "तू इथेच आहेस ना रे?"

त्याला 'होय' म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना.

इंजिन दहाव्या खांबाशी आलं. ब्रेक लागला नाही. भोंग्याचा एक आखूड आवाज झाला, शेवटचा हात वर दिसला की डेन्झिल रोज देई तसा.

अल्फान्सोचा उजवा हात अजून खांद्यावरच होता.